प्रजाजन, नागरिक आणि परकीय : ब्रिटिश देशांतरितांच्या वास्तव्यहक्काचा विचार

परदेशी जाऊन कायमचे राहता येणे हे त्या मनुष्याच्या ऐपतीवर व कौशल्यावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. व्हिसाच्या अर्जांत उत्पन्न, वय, शिक्षण आणि आरोग्यविमा यांचीच चौकशी होत असल्यामुळे तो समज अधिकच दृढ होतो. परंतु ब्रिटिश लोकांच्या देशांतराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास तपासला असता वेगळेच चित्र दिसते. ऐपतीची व कौशल्याची परीक्षा सुरू होते ती वास्तव्याचा हक्क संपल्यानंतर. आणि तो हक्क व्यक्तीच्या गुणांतून नव्हे, तर राज्याराज्यांमधील संबंधांतून निर्माण झालेला असतो. ऑस्ट्रेलिया आणि युरोप ह्या दोन क्षेत्रांतील अनुभव ह्या दृष्टीने बोधप्रद आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी साम्राज्यातील सर्व लोक कायद्याच्या भाषेत एकाच राजसत्तेचे प्रजाजन होते. लिव्हरपूलचा गोदीकामगार आणि रत्नागिरीचा शेतकरी ह्या दोघांनाही ‘ब्रिटिश प्रजाजन’ हीच संज्ञा लागू होती. तथापि ऑस्ट्रेलियाने १९०१ साली केलेल्या प्रवेशनिर्बंधाच्या कायद्यात श्रुतलेखनाची परीक्षा ठेवली होती. अधिकाऱ्याने निवडलेल्या कोणत्याही युरोपीय भाषेतील ५० शब्दांचा उतारा येणाऱ्याने लिहून दाखवावा, अशी ही परीक्षा असे. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण परीक्षा कोणाची घ्यावयाची हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असल्यामुळे हेतू साधत असे. म्हणजे प्रजाजनत्व समान असले, तरी त्यापासून मिळणारा वास्तव्याचा लाभ समान नव्हता. ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियास मनुष्यबळाची निकड भासू लागली. सुमारे ७५ लाख लोकवस्तीच्या ह्या खंडप्राय देशाने १९४५ साली देशांतराचे स्वतंत्र खाते निर्माण केले आणि आर्थर कॉलवेल हे त्याचे पहिले मंत्री झाले. १९४६ साली ब्रिटनशी झालेल्या करारान्वये १९४७ पासून सहायित प्रवासाची योजना अमलात आली. प्रौढ प्रवाशाने केवळ १० पौंड भरावे, उरलेला खर्च सरकारांनी सोसावा, आणि प्रवाशाने निदान दोन वर्षे तेथे राहावे, न राहिल्यास प्रवासखर्च परत करावा, असे तिचे स्थूल स्वरूप होते. १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत दहा लाखांहून अधिक ब्रिटिश लोक ऑस्ट्रेलियात गेले. त्यांतील सुमारे एक चतुर्थांश परतले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९६६ साली वेल्समधून आईवडिलांबरोबर आलेली ज्युलिया गिलार्ड ही बालिका पुढे २०१० साली त्या देशाची पंतप्रधान झाली.

ह्या योजनेत उमेदवाराचे आरोग्य व व्यवसाय पाहिले जात, हे खरे. परंतु त्याच आरोग्याचा व त्याच व्यवसायाचा गौरेतर ब्रिटिश मनुष्य सामान्यतः तीत बसत नसे. उलट गोऱ्या ब्रिटिश मनुष्यास नव्या देशात पाऊल ठेवल्यावर परकेपणाची कायदेशीर जाणीव होण्याचे कारण नव्हते. २६ जानेवारी १९४९ पासून ऑस्ट्रेलियाचे स्वतंत्र नागरिकत्व अस्तित्वात आले, तरी तेथील नागरिक ब्रिटिश प्रजाजनही राहिलेच, आणि ब्रिटनहून आलेल्या मनुष्यास नागरिकत्व न घेताही अल्पकाळाच्या वास्तव्यानंतर मतदान करता येई. साहजिकच अनेकांना नागरिकत्वाचा अर्ज करण्याची गरजच वाटली नाही. ह्या निष्काळजीपणाचा दोष त्यांच्याकडे जात नाही. कायद्यानेच त्यांना तसे वागावयास शिकविले होते.

पुढे संबंध पालटले. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटनने युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश केला. त्याच दिवशी ब्रिटनचा १९७१ चा प्रवेशविषयक कायदा अमलात आला, आणि ब्रिटनशी जन्माचा वा वंशाचा निकट संबंध नसलेल्या राष्ट्रकुलीय लोकांचे तेथील मुक्त वास्तव्य संपुष्टात आले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात व्हिटलम सरकारने वर्णाधिष्ठित धोरणाचा त्याग केला आणि नागरिकत्वासाठी लागणारी मुदत सर्वांना सारखी केली. १९७५ पासून ब्रिटिश मनुष्यासही ऑस्ट्रेलियात जाण्यास व्हिसा लागू लागला. वर्णभेद नाहीसा होणे आणि ब्रिटिशांचा विशेषाधिकार नाहीसा होणे ह्या एकाच घटनेच्या दोन बाजू होत्या, हे येथे विसरता येत नाही.

ह्या बदलाचा खरा आघात आधीच तेथे वसलेल्यांपैकी काहींवर झाला. २५ जानेवारी १९८४ रोजी मतदारयादीत नाव असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांचा मताधिकार राखण्यात आला. त्यानंतर आलेल्यांना नागरिकत्वाशिवाय तो मिळाला नाही. परंतु मताधिकार म्हणजे वास्तव्याची शाश्वती नव्हे. १९६७ साली बालपणी आलेला, पण नागरिकत्व न घेतलेला एक ब्रिटिश मनुष्य गुन्ह्यांत शिक्षा झाल्यावर हद्दपारीस पात्र ठरला; घटनेच्या अर्थाने तो ‘परकीय’ आहे, असा निर्णय ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९८८ साली दिला. २००१ साली १९६६ मध्ये आलेल्या दुसऱ्या एकाच्या बाबतीत त्याच न्यायपीठाने उलट मत दिले, आणि २००३ साली ते पुन्हा पूर्वीच्या भूमिकेवर आले. २६ जानेवारी १९४९ नंतर आलेले आणि नागरिकत्व न घेतलेले ब्रिटिश लोक परकीय ठरू शकतात, असे त्यामुळे निश्चित झाले. जो मनुष्य जागचा हलला नाही, त्याचा दर्जा मात्र त्याच्या नकळत बदलला.

युरोपातील अनुभव ह्याची पुनरावृत्तीच होय. समुदायात ब्रिटिश कामगारास इतर सदस्यराष्ट्रांत काम करण्याचा हक्क मिळाला; १९९० च्या निर्देशांनी तो वास्तव्यापुरता निवृत्त व स्वतःच्या उत्पन्नावर जगणाऱ्यांपर्यंत विस्तारला; १९९३ पासून युरोपीय नागरिकत्वाने त्यास अधिक व्यापक आधार दिला. स्पेनच्या किनाऱ्यावरील ब्रिटिश निवृत्तांच्या वसाहती ह्याच काळात वाढल्या. २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडले, आणि ३१ डिसेंबर २०२० ही सीमारेषा ठरली. त्या दिवसापर्यंत वसलेल्यांचे हक्क माघारकरारान्वये राखले गेले. नंतर जाणाऱ्यास शेंगेन क्षेत्रात कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, त्याहून अधिक राहण्यास परवाना लागतो. स्पेनमध्ये काम न करता राहू इच्छिणाऱ्याने पुरेसे उत्पन्न व आरोग्यविमा दाखवावा लागतो. ५ लाख युरोंची स्थावर मालमत्ता घेऊन वास्तव्य मिळविण्याचा तेथील २०१३ पासूनचा मार्ग एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. पैशाने मिळणारा परवानाही राज्याच्या इच्छेपर्यंतच टिकतो, हे त्यावरून उघड होते.

ह्याच्या उलट आयर्लंडमध्ये ब्रिटिश नागरिकास आजही व्हिसा लागत नाही. कारण दोन राज्यांमधील सामायिक प्रवासक्षेत्राची व्यवस्था युरोपीय संघापेक्षा जुनी आहे आणि ती टिकून राहिली आहे. ऑस्ट्रेलियानेही २०२३ च्या व्यापारकरारानंतर ब्रिटिश तरुणांसाठी काम व सुटी यांच्या व्हिसाची वयोमर्यादा ३५ वर्षांपर्यंत वाढविली. म्हणजे सवलत आली तीही करारातूनच आली. फरक इतकाच, की पूर्वी जे प्रजाजन म्हणून आपोआप लाभत असे, ते आता ठराविक मुदतीसाठी मागून घ्यावे लागते.

सारांश, ब्रिटिश देशांतरिताचा इतिहास हा धाडसाचा वा दैवाचा इतिहास जितका आहे, तितकाच तो कायदेशीर नावांचा इतिहास आहे. प्रजाजन, नागरिक, परकीय ही नावे राज्ये देतात आणि राज्येच बदलतात. ज्यांना १९०१ साली ह्या नावाचा काहीच लाभ मिळाला नाही, त्यांना ही गोष्ट प्रथमपासून ठाऊक होती. ज्यांना तो लाभ सहज मिळाला, त्यांना ती कळण्यास दोन-तीन पिढ्या लागल्या.