दुकानाची फळी आणि चळवळ

माझं गाव राजूर. वणी तालुक्यातलं, कोळशाच्या खाणीचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं. माझ्या लहानपणी खाणीत संप झाला की घरात पहिली चर्चा मागण्यांची होत नसे, किराण्याची होई. गल्लीच्या टोकाला एका मुसलमान व्यापाऱ्याचं दुकान होतं. आम्ही मुलं त्यांना चाचा म्हणायचो, मोठी माणसं शेठ म्हणायची. वडील पिशवी घेऊन गेले की ओशाळत म्हणायचे, "शेठ, पगार झाला की देतो." चाचा वही ओढून म्हणायचे, "लिहून ठेवलं भाऊ, संप मिटू द्या."

चाचांनी कधी भाषण केलं नाही, मोर्चात पाऊल टाकलं नाही. पण संप किती दिवस टिकायचा, ते त्यांच्या उधारीच्या वहीवर बरंचसं अवलंबून असे. पुढे इतिहास शिकवायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की ही वही मोठमोठ्या चळवळींच्या मागेही असते. पुस्तकांत मात्र ती सहसा दिसत नाही.

'हरताळ' हा आपल्या ओळखीचा शब्द. हाट म्हणजे बाजार, ताळा म्हणजे कुलूप. बाजाराला कुलूप, तो हरताळ. निषेधाचं हे हत्यार मुळात व्यापाऱ्याचं आहे. 'बाजार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्या भाषेच्या देशात, म्हणजे इराणात, या हत्याराने काय केलं ते आधी सांगतो.

१८९० साली इराणच्या शहाने देशातल्या तंबाखूचा सगळा व्यवहार, म्हणजे उत्पादन, विक्री आणि निर्यात, टॅलबट नावाच्या एका इंग्रजाला मक्त्याने दिला. पिढ्यान्‌पिढ्या तंबाखूवर जगणारे व्यापारी एका कागदाने परक्या कंपनीचे गुमास्ते होणार होते. शिराझ, तबरीझ, इस्फहान, तेहरान इथले बाजार खवळले. व्यापारी धर्मगुरूंकडे गेले. डिसेंबर १८९१ मध्ये मिर्झा शिराझी यांच्या नावाने तंबाखू ओढू नये असा फतवा निघाला आणि लोकांनी हुक्के बाजूला ठेवले. १८९२ च्या आरंभी शहाला मक्ता रद्द करावा लागला. पण कंपनीला ५ लाख पौंड भरपाई देण्यासाठी देशाला कर्ज काढावं लागलं. पुढे १९०५-०६ च्या राज्यघटनेच्या चळवळीची ठिणगीही बाजारातच पडली. साखरेचे भाव वाढले म्हणून तेहरानच्या गव्हर्नराने व्यापाऱ्यांना फटके मारले आणि शहर पेटलं.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत आपल्याकडचे व्यापारी अशाच वळणावर उभे होते. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात भारतीयांची सभा भरली. नोंदणीचा अपमानकारक कायदा मानायचा नाही, असा ठराव होता. सेठ हाजी हबीब या जुन्या व्यापाऱ्याने सांगितलं, की नुसता ठराव नको, ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घेऊ. गांधीजी क्षणभर दचकले, मग त्यांनी शपथेची जबाबदारी सभेला समजावून सांगितली. सत्याग्रहाची सुरुवात त्या सभेपासून मानतात.

या लढ्यातला माझ्या मनात घर करून राहिलेला माणूस म्हणजे अहमद महंमद काछलिया. फेरीवाल्यापासून वर आलेले हे गुजराती व्यापारी ट्रान्सवालमधल्या भारतीयांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. गोऱ्या घाऊक व्यापाऱ्यांकडून ते उधारीवर माल घेत. त्यांनी काछलियांना गाठून बजावलं, चळवळ सोडा, नाहीतर सगळे पैसे आत्ता मोजा. दुकानात देण्यापेक्षा जास्त किमतीचा माल होता, पण रोकड लगेच उभी होईना. काछलियांनी चळवळ सोडली नाही, दिवाळं पत्करलं. १९०९ सालची ही गोष्ट. मालमत्ता विकून सावकारांना पौंडामागे पूर्ण २० शिलिंग मिळाले, म्हणजे कुणाची पैही बुडाली नाही. व्यापाऱ्याला दिवाळखोर हा शब्द तुरुंगापेक्षा जड असतो. तो त्यांनी कपाळी लावून घेतला आणि पत तरीही राखली.

आता मुंबईला येऊ. आमच्या भागातला कापूस ज्या शहराच्या गिरण्यांत जायचा, तिथे उमर सोबानी हे तरुण गिरणीमालक होते. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध मुंबईत सत्याग्रह सभा स्थापन झाली, तिच्या चिटणिसांत ते होते. 'यंग इंडिया' हे पत्र सोबानी आणि शंकरलाल बँकर यांच्या हाती होतं. त्यांनीच ते गांधीजींना चालवायला दिलं.

खादीची कल्पना पुढे आली तेव्हा गिरणीमालक नाराज झाले. सोबानींनी आपल्या व्यवसायबंधूंचं म्हणणं गांधीजींच्या कानावर घातलं, एका गिरणीमालकाशी त्यांची भेट घडवली. त्या मालकाने स्पष्टच सांगितलं, की वंगभंगाच्या वेळी स्वदेशीची लाट आली तशा आम्ही किमती वाढवल्या, आम्ही धर्मादाय म्हणून धंदा करत नाही. ही भेट सोबानींनी टाळली असती तरी चाललं असतं. आपल्याच धंद्याची दुखरी बाजू त्यांनी चळवळीपुढे उघडी होऊ दिली.

३१ जुलै १९२१ रोजी परळला सोबानींच्या गिरणीच्या आवारात परदेशी कापडाची प्रचंड होळी झाली. दुसऱ्या दिवशी लोकमान्यांची पहिली पुण्यतिथी होती. पुढे कापसाच्या व्यापारात सोबानींना मोठी खोट आली आणि १९२६ मध्ये त्यांचं निधन झालं.

याच मुंबईत दुसरी बाजूही दिसते. मियाँ महंमद हाजी जान महंमद चोटाणी हे लाकडाचे बडे व्यापारी. मार्च १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत कमिटी झाली, तिचे ते अध्यक्ष. पुढे मध्यवर्ती कमिटीचंही अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. व्यापारी मंडळींचा कल आधी अर्ज-विनंत्यांकडे होता, पण १७ ऑक्टोबर १९१९ च्या खिलाफत दिनाला हरताळ पाळायचा तर दुकानदारांशिवाय तो होणार कसा? शेठांच्या शब्दावर लोकांनी कमिटीला पैसा दिला. तुर्कस्तानच्या मदतीसाठी गरिबांनी आणे-आणे जमवले. आणि १९२२-२३ मध्ये उघड झालं, की निधीतले सुमारे १६ लाख रुपये चोटाणींच्या धंद्यात अडकले आहेत. भरपाई म्हणून त्यांनी लाकडाच्या गिरण्या कमिटीच्या हवाली केल्या, पण लोकांचा विश्वास काही परत मिळाला नाही. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्ताननेच खिलाफत बरखास्त केली, त्याआधीच ही चळवळ आपल्या तिजोरीपाशी खचली होती.

काछलिया, सोबानी आणि चोटाणी यांना मी एका ओळीत बसवत नाही. मला त्यांच्यात एक समान गोष्ट दिसते. व्यापाऱ्याचं राजकीय वजन त्याच्या पैशात असतं असं आपण समजतो. खरं वजन पतीत असतं. त्याच्या शब्दावर माल येतो, त्याच्या शब्दावर वर्गणी जमते, त्याने फळी लावली की शेजारचाही लावतो. चळवळ ही पत उसनी घेते. म्हणून सत्ता आणि सावकार व्यापाऱ्याला घाव घालतात तोही तिथेच. आणि म्हणूनच, ज्या चळवळीत शेठला हिशेब विचारायला कुणी धजत नाही, ती चळवळ त्याच्याबरोबर बुडते. काछलियांच्या दिवाळ्यात पै-पैचा हिशेब लागला, खिलाफतीच्या निधीत तो वेळेवर मागितला गेला नाही. माणसाचा धर्म कोणता, यावर यातलं काहीच ठरलं नाही.

राजूरचे चाचा आज नाहीत. संप मिटला की वडील थकबाकी हप्त्या-हप्त्याने फेडायचे, आणि चाचा प्रत्येक वेळी वही त्यांच्यापुढे उघडी ठेवून म्हणायचे, "भाऊ, तुम्हीच काट मारा." उधार देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दोघांचाही मान त्या एका वाक्यात राहायचा. इतिहास शिकवताना हरताळाचा धडा आला, की मी मुलांना आधी हीच गोष्ट सांगत असे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)