कार्ले लेणी आणि भूमध्य सागरी व्यापार

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याजवळ असलेले हे बौद्ध लेणे समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर आहे. तरी त्याचा इतिहास बंदरांना सोडून सांगता येत नाही. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण व चौल ही बंदरे येतात. कोकणातून देशावर चढणाऱ्या बोरघाटाच्या वाटेलगतच कार्ल्याचा चैत्य आहे. त्याच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्या परदेशीयांची, दाने ब्राह्मी लिपीत कोरली आहेत. एका खांबाचा दाता तर सोपाऱ्याचा आहे. यवनांची सिहधय, धम्म ही नावे भारतीय वळणाची, म्हणून ते ग्रीक नसावेत, असा आक्षेप घेतला जातो. तो निकालात काढण्याजोगा नाही. मात्र बौद्ध उपासकाने नवे नाव घेणे अस्वाभाविकही नव्हे. शिवाय व्यापाराचा पुरावा एवढ्यावरच थांबत नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, तर नेवाशाला भूमध्य प्रदेशातून मद्य आणणाऱ्या अँफोरा कुंभांची खापरे. ही दोन्ही स्थळे घाटाच्या वरच्या अंगाला आहेत. माल देशावर पोहोचत होता. दाते जन्माने कोण, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम ठरतो.