रस्त्याची बोली

1 जून 1948 रोजी पुणे-नगर रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक. लाकडी बांधणी, वर कापडी छत, बसायला काथ्याच्या गाद्या आणि जागा तीस जणांची. वाटेतल्या गावांनी त्या गाडीचे कौतुकाने स्वागत केले, ही आठवण आमच्या जिल्ह्यात अजून अभिमानाने सांगितली जाते. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या सवयीने माझ्या तोंडी नगर येते, ते आपण समजून घ्यालच.

एसटी म्हटली की मला आठवते ती छताखालून गेलेली घंटेची दोरी. चालकाला पुढचा रस्ता दिसतो, मागचे दार दिसत नाही. वाहकाला दार दिसते, पुढचा रस्ता दिसत नाही. या दोन अर्धवट नजरांना ती दोरी जोडते. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एवढ्या दोन शब्दांच्या भाषेवर लाखो माणसे सुखरूप घरी पोहोचली. मला वाटते, रस्त्यावरच्या सुरक्षेचा सगळा इतिहास या दोरीत आहे. एकाला जे दिसते ते दुसऱ्याला वेळेवर कळवायचे, हेच त्याचे सूत्र.

मोटारी येण्याआधीही रस्ता मुका नव्हता. टपाल घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीला घुंगरू असत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा आपण शोभेच्या समजतो. पण अंधाऱ्या वळणावर समोरून गाडी येते आहे, हे त्यांच्यामुळेच कळे. रात्री बैलगाडीच्या आखाखाली कंदील टांगलेला असे. गाडीवान झोपला तरी तो कंदील जागा असायचा.

मग आगगाडी आली. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला आणि नगर त्यावरचे मोठे स्टेशन झाले. मार्ग एकेरी. एकाच रुळावरून इकडून एक गाडी आणि तिकडून दुसरी सुटली तर काय होईल, हे सांगायला नको. अशा एकेरी मार्गांसाठी रेल्वेने टोकनची पद्धत आणली. आपल्याकडे त्यासाठी नील यांचे यंत्र फार प्रचलित होते. शेजारच्या दोन स्टेशनांवर दोन यंत्रे, त्यांत लोखंडी गोळे, आणि दोन्ही यंत्रे तारेने एकमेकांशी बांधलेली. एका वेळी दोन्ही मिळून एकच गोळा बाहेर निघणार. तो गोळा कातडी पिशवीत घालून, गोल कडीला लावून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा हाती नसेल तर गाडी पुढे नेता येत नाही. धावत्या गाडीतून ती कडी झेलणारे रेल्वेचे लोक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वाटले असेल की ही एक कसरत आहे. खरे तर ते दोन स्टेशनांचे एकमेकांशी बोलणे होते.

सांगायचा मुद्दा असा की, वाहन आणि मार्ग यांचा संवाद ही आजच्या संगणकाची कल्पना नाही. रेल्वेने ती शंभर वर्षांपूर्वीच रुळांवर उतरवली. आज रेल्वे ‘कवच’ नावाची जी यंत्रणा बसवत आहे, तिच्यात रुळांवरच्या चिपा आणि स्टेशनवरचा रेडिओ इंजिनाशी बोलतात. इंजिनाने लाल सिग्नल ओलांडायला घेतला तर ब्रेक आपोआप लागतो. जुन्या गोळ्याचाच हा नातू म्हणा ना.

मग रस्त्यांना हे का जमले नाही? प्रयत्न तर लवकर झाला होता. 1868 मध्ये लंडनमध्ये रस्त्यावरचा पहिला सिग्नल लागला, तो जे. पी. नाइट या रेल्वेच्याच अभियंत्याने सुचवलेला. त्याचे दिवे गॅसचे होते. पुढच्याच वर्षी त्याचा स्फोट झाला, पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला. पण खरी अडचण गॅसची नव्हती. रेल्वेत रूळ, इंजिन आणि ड्रायव्हर एकाच मालकाचे. त्याने नियम केला की सगळ्यांची भाषा एक होते. रस्ता सरकारचा, ट्रक शेटजींचा, बैलगाडी गरिबाची आणि पायी चालणारा तर कोणाचाच नाही. इथे सगळ्यांना एक भाषा कोण शिकवणार?

कोणी शिकवली नाही, तेव्हा रस्त्यावरच्या माणसांनी ती आपली आपण घडवली. माझे एक मामू ट्रकवर क्लीनर होते. गाडी मागे घेताना ते फळ्यावर हाताने थापा मारत. ‘आन दो, आन दो’ म्हणत थापा चालू असेपर्यंत ड्रायव्हर गाडी मागे घेई. एक जोराची थाप पडली की जागच्या जागी ब्रेक. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेले असे. मागच्याने हॉर्न द्यावा, पुढच्याने बाजू द्यावी, असा तो करार. 2015 मध्ये महाराष्ट्रात ही अक्षरे लिहायला बंदी झाली, कारण त्या कराराचा कर्कश गोंगाट झाला होता.

या घरगुती भाषेत एक मोठा दोषही होता. पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लुकलुकला, तर त्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळतोय’ की ‘रस्ता मोकळा आहे, तू पुढे जा’? दोन्ही अर्थ चालतात. कवितेत एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर त्याला श्लेष म्हणतात आणि रसिक दाद देतात. रस्त्यावर तोच श्लेष जीव घेतो. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसे गेली. त्यांतली किती एकमेकांना न कळल्यामुळे गेली, याचा हिशेब कोण मांडणार?

आता नवी भाषा येते आहे. मोटारीत बसवलेला एक छोटा रेडिओ सेकंदाला दहा वेळा सांगत राहतो: मी इथे आहे, माझा वेग एवढा, मी या दिशेने चाललो, मी आत्ता ब्रेक दाबला. साधारण तीनशे मीटरपर्यंतच्या वाहनांना ते ऐकू येते. सिग्नलचा खांबही तसाच बोलू शकतो. अमेरिकेने या कामासाठी 1999 मध्येच रेडिओ लहरींचा एक पट्टा राखून ठेवला. जपानमध्ये 2015 पासून अशा मोटारी रस्त्यावर आल्या. आपल्याकडे या भाषेची पहिली अक्षरे आपण गिरवलीही आहेत. काचेवरचा फास्टॅग 2021 मध्ये सक्तीचा झाला. तो टोलनाक्याशी रेडिओनेच बोलतो. 2019 पासून नव्या प्रवासी बसगाड्यांत ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि संकटकाळचे बटण आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा वेगावर आणि लेनवर नजर ठेवते. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि हा वेगवान रस्ता आमच्या कोपरगाव तालुक्यात येऊन पोहोचला.

पण आमचा जिल्हा उसाचा आहे. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ इथेच, प्रवरानगरला रोवली गेली. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की नगर-मनमाड रस्त्यावर, राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात रात्रभर ऊस चालतो. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्यांच्या रांगा, बाहेर लोंबणारे वाढे. अनेकांच्या मागे ना दिवा, ना चकाकणारी पट्टी.

थोडे गणित करू. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. खाली वळवलेल्या दिव्यांचा उजेड साधारण 40 ते 50 मीटर पडतो. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे 33 मीटर गेले. गाडी थांबायला आणखी किमान 35 मीटर लागतात. एकूण 68. उजेड 50 चा आणि गरज 68 ची. म्हणजे अंधारात उभी असलेली ट्रॉली दिसते, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. आमच्या मुशायऱ्यांना नेमाने येणारा एक तरुण असाच रात्री मोटारसायकलवरून परतताना उभ्या ट्रॉलीवर गेला. त्याची बायको पुढे अनेक दिवस विचारत होती, ‘त्यांना दिसली कशी नाही?’ हे गणित तिला सांगायचे माझ्या जिवावर आले.

बोलणाऱ्या मोटारीला तेरा सेकंद आधी धोका कळेल, हे खरे. पण समोरची ट्रॉलीही बोलकी असेल तरच. वीस लाखांची मोटार वीस लाखांच्या मोटारीशी बोलेल आणि ऊसतोड कामगाराची बैलगाडी मुकीच राहील, तर ही भाषा अर्ध्या रस्त्याची झाली. फास्टॅग चालला, कारण तो स्वस्त होता, एकाच पद्धतीचा होता आणि सगळ्या चारचाकींना सक्तीचा होता. नव्या यंत्रांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. या कामासाठी आम्हाला लांब जायला नको. लष्करी वाहनांचे संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ ही संस्था 1947 पासून नगरलाच आहे आणि वाहनांची चाचणी घेणारे राष्ट्रीय केंद्रही तिथेच आहे. ट्रॉलीला परवडेल असा बोलका दिवा याच मातीत तयार होऊ शकतो.

तोवर लाल चकाकणारी पट्टी आहेच. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. मागच्याच्या दिव्याचा उजेड ती मागच्याकडेच परत पाठवते आणि शंभर-दोनशे मीटरवरून सांगते, ‘मी इथे आहे.’ हंगामाच्या तोंडावर पट्ट्या लावण्याचे कार्यक्रम होतात, छायाचित्रे छापून येतात. मग चिखलाने, चिपाडाने त्या झाकल्या जातात आणि कोणी पाहत नाही. यावर उपाय रेल्वेने दाखवलेला आहे. गोळ्याशिवाय गाडी नाही, तसे पट्टीशिवाय वजन नाही. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली आली की आधी मागची पट्टी पाहावी, पुसावी, नसेल तर लावावी आणि मगच वजन करावे. तिचा खर्च कारखान्याने सोसावा. गाडीवानाच्या उचलीतून कापू नये. येत्या हंगामात एका जरी कारखान्याने हा नियम केला, तरी त्या काट्यावरून निघालेली प्रत्येक ट्रॉली रात्रीच्या रस्त्यावर बोलू लागेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)