सतरावें कलम

सन १८८४ च्या नोव्हेंबरांत बर्लिन शहरीं युरोपीय राष्ट्रांची परिषद भरली. आफ्रिकेंतील नव्या मुलखावर हक्क सांगण्याचे नियम तींत ठरले. परंतु आफ्रिकेचा एकही प्रतिनिधि तेथें नव्हता. पुढील तीस वर्षांत जवळजवळ सारें खंड परकीयांच्या अंमलाखालीं गेलें. इथिओपिया मात्र टिकला. त्याच्या झगड्याचें मूळ एका तहाच्या एका कलमांत होतें.

दिनांक २ मे १८८९ रोजीं वुचाले येथें मेनेलिक राजा व इटली यांचा तह झाला. मसुदे दोन होते. एक अम्हारिक भाषेंत, दुसरा इटालियन भाषेंत. सतराव्या कलमाचा अम्हारिक अर्थ असा कीं, परराष्ट्रांशीं बोलणें करतांना राजाला वाटल्यास इटलीचें साहाय्य घेतां येईल. इटालियन मसुद्याप्रमाणें तें इटलीमार्फतच करण्याचें राजानें मान्य केलें होतें. एका 'च'नें स्वतंत्र राज्य संरक्षित ठरलें!

इटलीनें त्याच वर्षीं हा अर्थ युरोपच्या दरबारांना कळविला. मेनेलिकनें आपल्या राज्यारोहणाची वार्ता परस्पर धाडली, तेव्हां आलेल्या उत्तरांवरून त्याला कावा उमगला. राणी तैतूचाही या कलमास कडवा विरोध होता. सन १८९३ मध्यें त्यानें तह झुगारून दिला. तोंपर्यंत त्यानें हजारों बंदुका जमविल्या होत्या. त्यांतील कांहीं खुद्द इटलीनेंच दिलेल्या!

दिनांक १ मार्च १८९६ रोजीं आडवा येथें निकाल लागला. सेनापति बारातिएरीचें सतरा हजारांवर सैन्य रात्रीं डोंगरवाटांनीं निघालें. नकाशे सदोष, त्यामुळें तुकड्या एकमेकींपासून तुटल्या. समोर मेनेलिकची सुमारें एक लाख फौज होती. दुपारपर्यंत इटलीचा मोड झाला. क्रिस्पीचें मंत्रिमंडळ कोसळलें, आणि ऑक्टोबरांत आदिस अबाबाच्या तहानें इटलीनें इथिओपियाचें स्वातंत्र्य मान्य केलें.

विजयालाही एक काळी बाजू होती. इटलीकडून एरिट्रियाचे हजारों शिपाई लढले होते. पाडाव झालेल्यांपैकीं सुमारें आठशें जणांचा उजवा हात व डावा पाय तोडण्यांत आला. आणि एरिट्रिया इटलीकडेच राहिला. परक्यांच्या तहाचें देणें या गरिबांनीं आपल्या अंगानें फेडलें.

सन १९३५ मध्यें मुसोलिनी विषारी वायु घेऊन पुन्हां चालून आला. सन १९४१ मध्यें केरनच्या डोंगरांत त्याच्या सैन्याचा पराभव झाला, व त्या लढाईंत मराठा पलटणीही होत्या. स्वतः परतंत्र असलेले हे शिपाई दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठीं झुंजले, हेंही इतिहासानें विसरूं नये.