कोपर टेकवायची जागा

ट्रॉम्ब्यात राहणाऱ्यांना अणुकेंद्रात कामाला जाणारा इंजिनिअर काही नवा नाही. इथे दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये एखादे निवृत्त शास्त्रज्ञ काका असतातच. आजची गोष्टही अशाच एका इंजिनिअरपासून सुरू होते, फक्त तो कॅलिफोर्नियातला आहे. पीट पेन्सियर्स सॅन ओनोफ्रेच्या अणुवीज केंद्रात नोकरी करायचा आणि कामावर सायकलने जायचा. १९८६ साली त्याने 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ऊर्फ 'रॅम' ही शर्यत जिंकली. सुमारे ५,००० किलोमीटर अंतर, ८ दिवस ९ तास ४७ मिनिटांत. झोप, जेवण सगळं धरून ताशी २४ किलोमीटरच्या वर. सरासरी वेगाचा हा विक्रम २०१३ पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

त्याच्या हँडलवर पुढे आलेले दांडे होते. त्यांच्यावर कोपरं टेकवून तो सायकल हाणत होता. आज आपण ज्याला एअरोबार म्हणतो, त्याचा हा पूर्वज. दोन वर्षं आधी, १९८४ च्या रॅममध्ये, जिम एलियटनेही रिचर्ड बर्नने बनवलेला असाच बार वापरला होता.

पहिली ट्रायथलॉन सायकल घेणाऱ्या प्रत्येकाचा एक प्रश्न असतो: "एअरोबार कुठला घेऊ?" उत्तरं बहुतेक वेळा वजन, कार्बन आणि किमतीभोवती फिरतात. माझ्या मते आधी हे पाहावं की ही वस्तू जन्मली कुठे. ती जन्मली आठ-आठ दिवस सीटवर बसणाऱ्यांच्या शर्यतीत. तिथे दोन शत्रू असतात. एक समोरून येणारा वारा आणि दुसरं स्वतःचं शरीर. तासन् तास हँडलवर भार देऊन तळवे बधिर होतात, मनगटं भरून येतात. कोपरांखाली गादी आली की तो भार हाडांवर जातो आणि छातीही वाऱ्याच्या वाटेतून खाली येते. विसावा आणि वेग, दोन्ही एकाच बैठकीत.

वाऱ्याचं गणित सोपं आहे, पण निर्दयी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. हवेपुरतं बोलायचं तर वेग दुप्पट करायला आठपट जोर हवा. सपाट रस्त्यावर ताशी ३५ च्या पुढे तुमची बहुतेक शक्ती हवा ढकलण्यातच जाते. हवेला अडतं ते मुख्यतः तुमचं शरीर, सायकल नव्हे. म्हणून हजारो रुपयांच्या हलक्या चाकापेक्षा खाली गेलेले खांदे जास्त काम करतात.

हे नेमकं ओळखलं बून लेननने. तो अमेरिकेचा स्कीइंग प्रशिक्षक. बर्फाच्या उतारावर स्कीअर हात पुढे जोडून अंग चोरतात, तीच बैठक त्याने सायकलवर आणली आणि १९८७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. स्कॉट कंपनीने तो बार बाजारात आणला आणि ट्रायथलॉनवाल्यांनी तो लगेच उचलला. त्यालाही कारण होतं. १९७८ साली हवाईत सुरू झालेली आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर ४२.२ धावणं. त्यात दुसऱ्याच्या मागे लपून चालवायला बंदी, म्हणजे वारा ज्याचा त्यानेच खायचा. शिवाय खेळ नवा, त्यामुळे 'आमच्यात असं चालत नाही' म्हणणारे बुजुर्गही कमी.

रोड सायकलिंगला मात्र हे पटायला एक धक्का लागला. २३ जुलै १९८९, टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध. ग्रेग लेमाँड हा लोराँ फिन्यॉपेक्षा ५० सेकंद मागे होता. लेमाँडकडे एअरोबार आणि लांबट हेल्मेट. फिन्यॉचं हँडल साधं, डोकं उघडं, मागे पोनीटेल. लेमाँडने त्या दिवशी ५८ सेकंद कमावले आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. टूरच्या इतिहासातलं हे सगळ्यात छोटं अंतर आहे. विजयाचं सगळं श्रेय बारला देणं लेमाँडच्या पायांवर अन्याय होईल, पण त्यानंतर त्या बारला कुणी हसलं नाही.

ज्या रॅममध्ये हा बार जन्मला, तिथे पुढे आपली माणसंही पोचली. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघाने ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ एकट्याने पार झाले, २०१९ मध्ये नवी मुंबईचा वकील कबीर राचुरे. नवी मुंबई म्हणजे आमच्या खाडीपलीकडेच.

याच शर्यतीने एका दुखण्यालाही नाव दिलंय: 'शर्मर्स नेक'. १९८३ मध्ये मायकेल शर्मरच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकंच वर धरता येईना. खाली वाकून समोर बघायचं, तर सगळा हिशेब मानेलाच चुकवावा लागतो. दुकानातल्या फोटोत हे दिसत नाही.

म्हणून निवड करताना मी क्रम उलटा लावेन. सगळ्यात आधी गाद्या: त्यांची उंची आणि रुंदी बदलता येते का? सुरुवातीला उंच ठेवाव्यात, मान आणि कंबर सरावली की हळूहळू खाली आणाव्यात. मग पुढच्या दांड्यांचा आकार: सरळ, थोडा वर वळलेला की जास्त वळलेला, हे तुमचं मनगट ठरवेल. त्यानंतर क्लिप-ऑन की पूर्ण एअरो हँडल? रोड सायकल आधीच असेल तर क्लिप-ऑन पुरे. मात्र आपलं हँडल गोल आहे का आणि कार्बनचं असल्यास त्यावर क्लॅम्प आवळायला कंपनीची परवानगी आहे का, ते आधी बघा. वजन आणि किंमत सगळ्यात शेवटी.

आणि एक गोष्ट पॅरिसच्या मोकळ्या रस्त्यावर लागू नव्हती, पण सायन-पनवेल हायवेवर आहे. एअरोबारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात. रिक्षा आडवी येते, खड्डा अचानक समोर येतो आणि तळवे ब्रेकपर्यंत नेण्यात जो क्षण जातो तो परत मिळत नाही. रस्ता मोकळा, सरळ आणि नजरेच्या टप्प्यात असेल तरच कोपरं टेकवा. घोळक्यात कधीच नाही.

लेमाँडला ती बैठक अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ धरायची होती, पेन्सियर्सला आठ दिवस. आयर्नमॅनच्या १८० किलोमीटरला सहा-सात तास लागतात, वर मॅरेथॉन उरतेच. तेव्हा नक्कल करायचीच तर पॅरिसच्या विजेत्यापेक्षा त्या अणुकेंद्रातल्या इंजिनिअरची करावी. पाचव्या तासालाही जिथे कोपरं टेकलेली राहतात, तोच बार वेगवान.