सोहोचे तीन नकाशे : पटकी, पंप आणि प्लेगचे दफनस्थळ

१/७
ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची (कॉलऱ्याची) साथ भडकली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. प्रचलित कथा अशी : डॉ. जॉन स्नो यांनी नकाशा काढला, ब्रॉड स्ट्रीटचा पंप दोषी ठरला, दांडा काढताच साथ थांबली. या कथेतील क्रम चुकीचा आहे.

२/७
दांडा निघाला ८ सप्टेंबरला. स्नो यांनी स्थानिक मंडळाला पटवले ते मृतांचे पत्ते आणि घरोघरची चौकशी यांच्या आधारे. नकाशा नंतरचा. तोवर साथ बरीच ओसरली होती, हे स्नो यांनीच नमूद केले आहे.

३/७
रहिवाशांचे भय निराळेच होते. १६६५ च्या प्लेगमधील मृतांना जिथे पुरले, तिथून नवी गटारे खणल्याने विषारी वाफा बाहेर पडल्या, अशी वदंता होती. तिच्या तपासासाठी गटार आयोगाचे अभियंता एडमंड कूपर यांनी नकाशा काढला. त्यात गटारे, मृत्यू आणि ते दफनस्थळ होते. दोष नव्या गटारांचा नाही, असा त्यांचा निर्वाळा होता.

४/७
सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीनेही याच परिसराचा नकाशा छापला. त्यावरही दफनस्थळ होते. दूषित हवेनेच रोग होतो, या तत्कालीन समजुतीवर समितीचा विश्वास होता. पाण्याविषयीचे स्नो यांचे मत तिने अमान्य केले.

५/७
स्नो यांच्या नकाशात दफनस्थळ नाही. आहेत ते पंप आणि प्रत्येक मृत्यूसाठी एक काळी रेघ. पुढील आवृत्तीत त्यांनी आणखी एक सीमारेषा आखली : जिच्या आत ब्रॉड स्ट्रीटचा पंपच पायी सर्वांत जवळचा. मृत्यू तेच, पाहणाऱ्याची नजर मात्र आता हवेकडून पाण्याकडे वळते.

६/७
तरीही निव्वळ नकाशा अपुरा होता. पंपाजवळच्या वर्कहाउसमध्ये ५३५ निराधार राहत. मृत्यू अवघे ५. शेजारच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार. एकही दगावला नाही. कारण चौकशीतूनच कळले : वर्कहाउसची स्वतःची विहीर होती आणि कामगार बिअर पीत.

७/७
२०२० मध्ये आपले जिल्हेही लाल, नारिंगी आणि हिरव्या रंगांत विभागले गेले. संपूर्ण जिल्ह्याला एकच रंग. संसर्ग मात्र काही वस्त्यांत दाट, काहींत विरळ. हिरव्यात निर्धास्त आणि लाल भागातून आलेल्याकडे संशयाने पाहणाऱ्यांसाठी रंग हाच पुरावा ठरला. म्हणून धोक्याचा कोणताही नकाशा समोर आला, की प्रथम विचारावे : हा कोणी, कोणत्या प्रश्नासाठी काढला आणि यावर काय दाखवलेले नाही?