बाबांच्या दाढेतली चांदी

परवा दिघोरीला गेलो, तर बाबांनी आ वासून दाढ दाखवली. १९७९ साली नागपूरला भरलेली चांदी काठाशी फुटली होती. "पांढरं टिकते का गा? का पुन्हा चांदीच भरू?" उत्तर येईना, म्हणून वाचत बसलो.

आपण जिला चांदी म्हणतो तिच्यात निम्मा पाराच! बाकी चांदी, कथील, तांबं. यावरून १८४० च्या दशकात अमेरिकेत दंतवैद्य चक्क भांडले. पारा वापरणार नाही, अशी शपथ त्यांच्या संघटनेने सभासदांकडून मागितली. १८५६ मध्ये ती संघटनाच मोडली. पुढे १८९५ च्या सुमारास ब्लॅक यांनी मिश्रणाचं प्रमाण बसवलं आणि चांदी रुळली.

पांढरं कंपोझिट तसं अलीकडचं, बोवेन यांचं पेटंट १९६२ चं. ते दाताला चिकटतं, त्यामुळे निरोगी दात कमी कोरावा लागतो. पण भरताना दाढ कोरडी हवी. चांदीला थोडी ओल चालून जाते. मात्र २०१३ च्या मिनामाता कराराने पाऱ्याचा वापर कमी करायचं ठरलं, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि युरोपीय संघात २०२५ पासून चांदी जवळजवळ बंदच.

बाबांच्या दाढेची कड हिरडीखाली गेलेली. तिथे कोरडं कसं राहणार? डॉक्टरबाईंनी खाली ग्लास आयोनोमर (हे १९७० च्या दशकातलं, इंग्लंडचं) आणि वर कंपोझिट भरलं.

बाबांनी जुनी चांदी परत मागितली. बाईंनी ती झाकणाच्या बाटलीत टाकली होती. पारा ना तो!